औषध, अंमल आणि प्रमाण



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा दोन गृहस्थ तो वाचून बराच वेळ तेथेच उभे राहिले म्हणे. ‘गांजा व भांग : रुग्णांच्या दृष्टीने’ ही अक्षरे त्यांनी दोनदा वाचली, आणि त्यांतील एकाने कार्यवाहांना हळूच विचारले, “व्याख्यानानंतर प्रसाद आहे काय?” कार्यवाहांनी काय उत्तर दिले ते मला ठाऊक नाही. मात्र प्रसादाच्या आशेने कोणी आले असल्यास त्यांची निराशा होणार आहे, हे मी आरंभीच सांगून टाकतो. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा जिल्हा आहे. सेवाग्रामच्या शेजाराला शोभावी म्हणून ही बंदी १९७०च्या दशकात आली, आणि तिचे पालन किती होते हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यामागच्या भावनेचा मला आदर आहे. व्यसनाची वकिली करण्यासाठी मी येथे उभा नाही.

मग कशासाठी उभा आहे, ते एका रुग्णाच्या शब्दांत सांगतो. याच भागात मी अनेक वर्षे दवाखाना चालविला. एका वर्षी शेजारच्या खेड्यातील एका वृद्ध शेतकऱ्याकडे माझे नेहमी जाणे होई. जबड्याचा कर्करोग होता आणि उपाय संपले होते. मोठ्या इस्पितळातून ‘आता घरी न्या’ असे सांगून त्यांना परत पाठविले होते. मी देत होतो त्या गोळ्यांनी त्यांचे दुखणे थांबत नसे. एके दिवशी मी अवेळी गेलो, तेव्हा खाटेखाली चिलीम दिसली. मी पाहिले हे त्यांनीही पाहिले. ओशाळून म्हणाले, “डागदर, थोडा दम मारला का दुखनं जरा दूर जाऊन बसते. जात नाही, पन दूर बसते.”

मी गप्प राहिलो. वैद्यकशास्त्राची पदवी घेतलेला मी मनुष्य त्यांचे दुखणे एक हातभरही दूर सारू शकलो नव्हतो. जे सारू शकत होते, ते कायद्याच्या दृष्टीने गुन्हा होते. आयुष्यभर कोणाच्या बांधावरची काडी न उचललेला तो माणूस मरणाच्या दारात गुन्हेगार झाला होता. त्याचा गुन्हा, कायद्याचा दोष, की आम्हा डॉक्टरांचा कमीपणा? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे, आणि आज तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हे झाड आपल्याला परके नाही. एकाच झाडाची तीन रूपे आपण तीन नावांनी ओळखतो. पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा, आणि त्यातून निघणारी राळ ती चरस. अथर्ववेदात ‘भंगा’ या वनस्पतीचा उल्लेख आहे. आयुर्वेदाने तिला ‘विजया’ हे नाव दिले. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत औषधांचे गुणधर्म सांगताना ‘व्यवायि’ असा एक वर्ग सांगितला आहे. व्यवायि म्हणजे पचन होण्यापूर्वीच सर्व शरीरभर पसरणारे द्रव्य. त्याची उदाहरणे म्हणून त्याने दोनच नावे दिली, भांग आणि अफू. त्या काळच्या वैद्याची नजर किती तीक्ष्ण होती ते यावरून दिसते. अतिसार-ग्रहणीवर दिल्या जाणाऱ्या जातिफलादि चूर्णात भांग असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण वैद्य ती कशी वापरीत? आधी शोधन करीत, मग इतर द्रव्यांबरोबर ठरलेल्या भागात मिसळीत, आणि रोग्याची प्रकृती पाहून मात्रा ठरवीत. महाशिवरात्रीला घोटणाऱ्याची भांग आणि वैद्याच्या खलातील भांग झाडाने एकच असली तरी व्यवहाराने वेगळी होती. हा भेद आपण पुढे विसरलो.

पाश्चात्त्य वैद्यकाने ही वनस्पती हिंदुस्थानातच उचलली. १८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ब्रूक ओशॉनेसी या आयरिश प्राध्यापकाने गांजावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने येथील वैद्य-हकिमांचा अनुभव विचारला, प्रथम जनावरांवर प्रयोग केले, आणि नंतर संधिवात, धनुर्वात, पटकी अशा रोग्यांना अर्क दिला. जेमतेम महिना-दीड महिन्याच्या एका बाळाची आकडीही त्याने या अर्काने शमविली. पिसाळलेले कुत्रे चावून होणारा जलसंत्रास बरा होतो असा दावा त्याने केला नाही. यातना कमी होतात एवढेच म्हटले. पुढे त्याने हा अर्क विलायतेला नेला, आणि तेथील औषधांच्या दुकानांत तो सुमारे शंभर वर्षे टिकला. हाच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात पहिल्या तारायंत्राच्या तारा घालणारा म्हणून प्रसिद्धीस आला, हे जाता जाता सांगतो.

मग हे औषध मागे का पडले? केवळ कायद्याने नव्हे. एका बाटलीतील अर्क दुसरीतल्याशी जुळत नसे. एका रोग्यास दहा थेंबांनी काहीच होत नसे, तर दुसरा तेवढ्यानेच भ्रमिष्ट होई. सुईने टोचावे, तर ते पाण्यात विरघळत नसे. तोवर मॉर्फीन आणि ॲस्पिरिन आले. त्यांची मात्रा मोजून देता येई. १९३२ साली ब्रिटिश औषधकोशातून आणि १९४२ साली अमेरिकन औषधकोशातून हे झाड बाहेर पडले. गुण असून मोजता आला नाही, म्हणून ते गेले. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

सरकारनेही या झाडाची एकदा कसून चौकशी केली होती. १८९३ साली इंग्रज सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. सात सभासदांत तीन हिंदी होते. ११९३ साक्षी घेतल्या गेल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांतातील साक्षीही अहवालात छापल्या आहेत. १८९४ साली कमिशनने निष्कर्ष दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, म्हणून सरसकट बंदी न घालता कर आणि नियंत्रण असावे. वैद्य, हकीम आणि गुरांचे उपचार करणारे लोक हिचा औषध म्हणून वापर करतात, हेही त्यांनी नोंदविले. त्या सरकारला अबकारी उत्पन्नाचा मोह नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तरीही प्रश्न विचारून मग उत्तर देण्याची ती रीत घेण्यासारखी होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९६१ साली अमली पदार्थांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजा आणि चरस अत्यंत घातक म्हणून सर्वांत कडक यादीत बसले. पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली, आणि परंपरागत सेवन थांबविण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा, १९८५ साली, आपल्या संसदेने एन.डी.पी.एस. कायदा केला. त्यातही भांगेची नुसती पाने व्याख्येबाहेर आहेत. त्यांचा कारभार राज्यांकडे आहे, आणि आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्यांच्यावरही निर्बंध आहेत. गांजाचे म्हणाल, तर एक किलोपर्यंत ‘अल्प’ आणि वीस किलोंपासून ‘व्यापारी’ प्रमाण मानले जाते. अल्प प्रमाणासाठीही एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परंतु याच कायद्याचे आठवे कलम काय म्हणते, ते फारसे कोणी वाचत नाही. ज्या कलमाने बंदी घातली, त्याच कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांचा अपवाद आहे. म्हणजे भिंत बांधताना तिला एक दार ठेवलेले आहे. त्या दाराची किल्ली मात्र रुग्णाच्या हाती कोणी दिली नाही.

आता विज्ञानाकडे येऊ. १९६४ साली इस्रायलच्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी या झाडातील धुंदी आणणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यास संक्षेपाने टी.एच.सी. म्हणतात. याचे एक भावंड आहे सी.बी.डी., ज्याने धुंदी येत नाही. १९८८ साली असे आढळले की आपल्या मेंदूच्या पेशींवर या द्रव्याला बरोबर बसणारी कुलपे आहेत. निसर्गाने गांजासाठी माणसाच्या डोक्यात कुलपे बसविली असतील, हे संभवत नाही. तेव्हा शरीर स्वतःच तशी एखादी किल्ली घडवीत असले पाहिजे, असा तर्क झाला. १९९२ साली ती किल्ली सापडली, आणि शोधणाऱ्यांनी तिला नाव दिले ‘आनंदामाईड’. आपला ‘आनंद’ हा शब्द असा रसायनशास्त्राच्या कोशात जाऊन बसला.

आता माझ्या व्याख्यानाच्या मथळ्यातील शेवटचा शब्द घेतो. मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे माप. न्यायशास्त्री पहिल्या अर्थाने बोलतो, स्वयंपाकघरातील गृहिणी दुसऱ्या अर्थाने. औषध आणि अंमल यांत फरक कोणता, असे मला विचाराल तर माझे उत्तर या एका शब्दात आहे. ज्याला दोन्ही अर्थांनी प्रमाण आहे ते औषध, ज्याला एकही नाही तो अंमल.

प्रथम पुराव्याचे पाहू. कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या ओकाऱ्यांवर टी.एच.सी.ची कृत्रिम गोळी अमेरिकेत १९८५ साली मान्य झाली, म्हणजे आपला कडक कायदा झाला त्याच वर्षी. स्नायू ताठरणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगात तोंडात फवारण्याचे एक औषध इंग्लंडने २०१० साली मान्य केले. लहान मुलांच्या ड्रॅव्हे नावाच्या दुर्धर अपस्माराचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत, सी.बी.डी. मिळालेल्या मुलांच्या आकड्यांचा महिन्याचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. आकड्या थांबल्या नाहीत, निम्म्या झाल्या. ज्या आईने रात्र मोजून काढली आहे, तिला निम्म्याचा अर्थ समजावा लागत नाही. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, अमेरिकेने ते औषध मान्य केले. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या सर्वांत कडक यादीतून काढले. भारताचे मत त्या सत्तावीसांत होते. इतर नियंत्रण मात्र कायम राहिले.

पुरावा उलट बाजूनेही बोलतो, आणि तोही ऐकला पाहिजे. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार घरोघरी दुःख देतो. त्याच्या कळा ज्याने पाहिल्या, तो त्या विसरत नाही. गांजाने या वेदना थांबतील अशी पुष्कळांना आशा होती. कॅलिफोर्नियात २३ रुग्णांवर काळजीपूर्वक चाचणी झाली, आणि २०२० साली निकाल आला. मनाची अस्वस्थता थोडी कमी झाली, पण वेदनेत लक्षणीय फरक पडला नाही. ही चाचणी लहान होती, तेव्हा शेवटचा शब्द नव्हे. तरी ‘गांजा सर्व दुखण्यांवर चालतो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. कोवळ्या वयात सेवन केल्यास बुद्धीवर आणि मनावर परिणाम होतो. मनोविकाराची प्रवृत्ती असल्यास तो उफाळतो. नागपूर, हैदराबाद आणि चंद्रपूर यांच्या वाटा जिथे मिळतात त्या आपल्या चौरस्त्यावर हेही सांगितले पाहिजे की, गांजा ओढून गाडी हाकणे दारू पिऊन हाकण्याइतकेच जिवावरचे आहे.

आता मापाचे. एक माय आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलाला आकडी येई. कोणीतरी मोबाइलवर दाखविले म्हणून तिने पोस्टाने ‘विजया’ तेलाची बाटली मागविली होती, आणि त्यासाठी कानांतले मोडले होते. बाटली कमरेच्या पिशवीत लपविलेली होती. तिचा पहिला प्रश्न औषधाविषयी नव्हताच. ती म्हणाली, “डागदरसाहेब, हे घरात ठेवलं त पोलीस धरतीन काय जी?” मी लेबल वाचले. तीस मिलिलिटर तेलात एकूण एक हजार मिलिग्रॅम अर्क, एवढेच त्यावर होते. अर्कात सी.बी.डी. किती, टी.एच.सी. किती, याचा पत्ता नव्हता. ती दिवसाला सहा थेंब देत होती. सगळा अर्क सी.बी.डी.च मानला, तरी ते सुमारे दहा मिलिग्रॅम भरले. त्या मोठ्या चाचणीतील मात्रा वजनाच्या दर किलोला रोज वीस मिलिग्रॅम होती. या वीस किलोंच्या मुलाला ती चारशे मिलिग्रॅम झाली असती. म्हणजे माय चाळिसावा हिस्सा देत होती, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने मुलाचे जुने औषध बंद केले होते. त्याच रात्री मुलाला लागोपाठ आकड्या आल्या. वेळेवर इस्पितळात पोहोचला म्हणून वाचला.

यात मायची चूक किती? आयुर्वेदीय औषध म्हणून परवाना घेऊन विजयायुक्त औषधे तयार करणे कायदेशीर आहे. औषध नियमांच्या ज्या अनुसूचीत विषारी द्रव्ये आहेत तीत भांग आहे, आणि म्हणूनच अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. पण बाटली घेऊन येणाऱ्या पोस्टमनबरोबर देखरेख येत नाही. बरे, ज्या औषधाला पूर्ण पुरावा आहे आणि पूर्ण मापही आहे, ते तिला परवडले असते काय? अमेरिकेत ते बाजारात आले तेव्हा वर्षाचा खर्च सुमारे साडेबत्तीस हजार डॉलर सांगितला गेला. तेव्हाच्या दराने ते वीस लाख रुपयांहून अधिक होतात. जे झाड ओशॉनेसीला आपल्याकडच्या वैद्यांनी दाखविले, त्याचे औषध आपल्याच लेकराला वीस लाखांना मिळावे, हा हिशेब मला पटत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग कायदा सैल करा, सगळे आपोआप होईल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मॉर्फीन आहे. मॉर्फीन हे दोन्ही अर्थांनी प्रमाण असलेले औषध. कर्करोगाच्या वेदनेवर त्याच्या गुणाविषयी जगात वाद नाही. गोळी स्वस्त आहे. ज्या अफूपासून ते बनते तिची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने होते, आणि आपण ती अफू परदेशांना विकतो. तरीही १९८५ चा कायदा आला आणि पुढील बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कायद्याने औषधावर बंदी घातली नव्हती. पण एका गोळीसाठी निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, त्यांच्या निरनिराळ्या मुदती, आणि नोंदीत चूक झाली तर दहा वर्षांच्या तुरुंगाची धास्ती! दुकानदारांनी ठेवणे सोडले, इस्पितळांनी मागविणे सोडले. पुढे तर डॉक्टरांची एक पिढीच मॉर्फीन कसे द्यावे हे न शिकता बाहेर पडली. त्या पिढीतला एक आपल्यापुढे उभा आहे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून इस्पितळाला एकदा मान्यता मिळाली की मॉर्फीनसह सहा आवश्यक औषधे ठेवता येतात. पण कायदा बदलून दहा वर्षे लोटली, तरी खेड्यातील किती कर्करोग्यांच्या उशाशी ती गोळी आहे? आपापल्या गावातील घरे आठवून पाहा.

खाटेखाली चिलीम ठेवणाऱ्या त्या वृद्धाला गांजा हवा होता काय? नाही. त्यांना दुखणे दूर बसावयास हवे होते. मॉर्फीनची गोळी वेळेवर मिळाली असती, तर चिलीम लपविण्याची पाळीच आली नसती.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पहिले, तालुक्याच्या इस्पितळात मॉर्फीन मिळते काय, आणि मिळत नसल्यास मान्यतेचा अर्ज कोणी कधी केला, हे आपण नागरिकांनी विचारावे. विचारावयास परवाना लागत नाही. दुसरे, विजयेच्या प्रत्येक औषधावर आतील द्रव्यांचे खरे माप छापलेले असावे, ते सरकारी प्रयोगशाळेत तपासले जावे, आणि आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या रोगांवर आपल्याच रुग्णांत रीतसर चाचण्या कराव्यात. निकाल विरुद्ध गेला तर तोही छापावा. तिसरे, ज्याच्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी आहे, त्याला औषध पिशवीत लपवावे लागू नये.

यामुळे दारूबंदीच्या या जिल्ह्याचे ब्रीद बिघडेल अशी शंका कोणास येईल. याच जिल्ह्यात द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट उघडपणे विकले जातात, आणि त्यांत मद्यार्क असतो. इस्पितळात स्पिरिटच्या बाटल्या असतात. त्याने दारूबंदी मोडली असे आजवर कोणी म्हटले नाही, कारण तेथे हात वैद्याचा आहे आणि माप ठरलेले आहे. जो विवेक आपण दारूच्या बाबतीत दाखविला, तोच या झाडाच्या बाबतीत दाखवावा, एवढेच मी म्हणतो.

तो वृद्ध शेतकरी दिवाळीपूर्वी गेला. त्याची खाट काढताना मुलाने चिलीम विहिरीत टाकली, म्हणजे लोकांना कळू नये. लोकांना कळावे असे जे होते, ते मी आज आपल्याला सांगितले.